दोऱ्याची खाच

आमच्या घरातल्या एकाही फोटोत माझे दात नाहीत.

लग्नाच्या अल्बममध्ये मी इतकी गंभीर आहे की सासरच्या एका मावशींनी तेव्हा माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलीच्या मनाविरुद्ध तर नाही ना हे?" मनाविरुद्ध काहीच नव्हतं. त्या दिवशी मला सारखं हसू येत होतं आणि ते आत ठेवण्यात माझी निम्मी ताकद गेली. त्याआधीचा एक फोटो सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला. होम मैदानावर फोटोवाल्याच्या तंबूत, पुठ्ठ्याच्या मोटारीत बसलेल्या आम्ही तिघी बहिणी. दोघी खिदळतायत आणि माझ्या तोंडावर ऊस आडवा. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी ऊस खात होती आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. तो ऊस मी खाण्यासाठी घेतलेलाच नव्हता.

पुढे पोस्टात नोकरी लागली आणि काउंटरची काच मिळाली. काचेपलीकडच्या माणसाचं लक्ष पावतीवर असतं, बाईच्या तोंडावर नसतं. तरीही कुणी गमतीचं बोललं की माझा उजवा हात वर यायचा. त्यासाठी विचार करावा लागत नसे. डोळ्यात धूळ गेल्यावर पापणी मिटते, तसा तो यायचा.

दात तुटला 1986 च्या उन्हाळ्यात. मी अकरा वर्षांची. सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल सोलापूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. गल्लीच्या तोंडाशी हापसा होता आणि हापशापुढे घागरींची रांग. मी काडीपैलवान, दांडा खाली ओढायचा तर दोन्ही पाय जमिनीवरून उचलून लोंबकळावं लागे. मग तो कुरकुरत खाली यायचा आणि मनगटाएवढी धार पडायची. त्या दिवशी घामानं हात निसटला. दांडा वर आला तो थेट माझ्या तोंडावर.

ओठ फाटला, फ्रॉक रक्तानं भिजला, घागर तेवढी पूर्ण भरली होती. वरच्या समोरच्या दोन दातांपैकी उजव्याचा कोपरा तिरका उडाला होता. तुकडा सापडलासुद्धा. तांदळाच्या कणीएवढा, धुण्याच्या दगडापाशी. मी तो मुठीत धरून आजीकडे नेला. आजीला या विषयातलं एकच शास्त्र ठाऊक होतं: पडलेला दात माळवदावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, फेकायचा, म्हणजे नवा येतो. हा दुधाचा दात नाही, पक्का आहे, हे तिलाही कळलं असणार. पण रडणाऱ्या पोरीच्या हाताला काहीतरी काम द्यायला हवं होतं. मी अंगणात उभी राहून तुकडा माळवदावर फेकला आणि पुढची दोन वर्षं आरशात वाट बघितली.

दुखणं आठवडाभरात गेलं. गार पाणी लागलं की कळ यायची, तीही हळूहळू थांबली. राहिली ती शिट्टी. तुटलेल्या कोपऱ्यातून वारा निसटायचा आणि 'स' म्हटलं की बारीक शीळ वाजायची. आता, सोलापुरात राहणाऱ्या मुलीनं 'स' टाळायचा कसा? सिद्धेश्वर, सात रस्ता, सोमवार, खुद्द सोलापूर. शाळेत बाईंनी "कुठं राहतेस?" विचारलं की मागच्या बाकावरची पोरं आधीच ओठांचा चंबू करून तयार.

तोंडावर हात धरायची सवय मात्र मी दात तुटल्यावर लावून घेतली, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते पूर्ण खरं नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याकडे येतेच.

*

कुणाला सांगायची सोय नाही, पण मास्कची दोन वर्षं माझी सुखाची गेली. माणसं मरत होती, पोस्टातले दोन सहकारी गेले, मी स्वतः पंधरा दिवस खाटेवर होते. त्या सगळ्याच्या आत एक लहानसं, लाजिरवाणं सुख होतं: मी मोकळी हसत होते. कापडाआड तोंड उघडून, हात मांडीवर ठेवून. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यात मास्कची सक्ती उठली. बाजूच्या घरातली पोरं पेढे वाटत आली. मी पेढा घेतला आणि पोटात गोळा आला. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला मास्क जाण्याचं दुःख व्हावं, हे मलाच विचित्र वाटलं. त्या रात्री झोप आली नाही. पुढच्या आठवड्यात मी सात रस्त्याच्या बाजूला एका दवाखान्याचा जिना चढले.

डॉक्टर तिशीतली. पूर्व भागातल्या तेलुगू घरातली मुलगी, आजोबा मागावर होते, असं तिनंच बोलता बोलता सांगितलं. तिनं एक्स-रे काढला, बर्फासारखा गार बोळा दाताला लावून बघितला. मी दचकले तर तिला आनंद झाला. "नस जिवंत आहे, काकू. छत्तीस वर्षं तुटका राहूनही. नशीब तुमचं." नस मेली असती तर दात आतून काळवंडला असता आणि गोष्ट रूट कॅनालवर गेली असती.

मग तिनं तीन वाटा सांगितल्या. कॅप बसवायची तर दात चहूबाजूंनी घासून बारीक करावा लागणार, म्हणजे तुटला आहे त्यापेक्षा जास्त निरोगी दात आपण आपल्या हातानं घालवणार. पोर्सेलीनचा पातळ पापुद्रा बसवता येतो, तो दहा-पंधरा वर्षं टिकतो, पण महाग, आणि तोही थोडा घासूनच. तिसरं बाँडिंग. कॉम्पोझिट नावाचा दाताच्या रंगाचा मऊ लगदा थेट दातावर लावायचा, हातानं आकार द्यायचा, उजेडानं कडक करायचा. दात जवळपास घासायचा नाही. एका बैठकीत काम. "पण काकू, हे कायमचं नाही. पाच-सात वर्षं धरून चाला. मध्ये कपचा उडेल, रंग चढेल. दुरुस्त करता येतं. पुढचं तुमच्या हातात."

ती तुकड्याबद्दलही बोलली. अपघात झाल्या झाल्या तो दुधात ठेवून, ओला राखून आणला, तर हल्ली तोच जागेवर चिकटवता येतो, याच पद्धतीनं. "पण लोक फेकून देतात."

"माळवदावर," मी म्हणाले. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

*

रंग ठरवायला तिनं मला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेलं. मला ते फार आवडलं, कारण माझे वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. सुताच्या लडी ते नेहमी खिडकीत नेऊन बघायचे. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, हे वाक्य आमच्या घरात मुलींच्या लग्नापासून आंब्यापर्यंत कशालाही लावलं जायचं. डॉक्टरच्या हातात दातांची माळ होती. सोळा दात, प्रत्येकाला एक अक्षर आणि एक आकडा. ए म्हणजे तांबूस तपकिरी छटा, बी तांबूस पिवळी, सी करडी, डी तांबूस करडी. आकडा वाढेल तसा दात गडद. मी अर्थातच सर्वांत पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"तो लावला तर लोकांना तो एकच दात दिसेल, तुम्ही दिसणार नाही," ती म्हणाली. आणि ए-तीन काढला. पिवळट, चहा प्यालेला, माझ्या इतर दातांचा सख्खा भाऊ. पांढरेच हवे असतील तर आधी सगळे दात ब्लीच करून घ्यायचे, मग दोन आठवडे थांबायचं, कारण ब्लीचमधला प्राणवायू दातात राहिला तर कॉम्पोझिट नीट धरत नाही. नंतर ब्लीच करून उपयोग नाही, दात उजळतात, कॉम्पोझिट आहे तसंच राहतं. मी नको म्हटलं. रंग सुरुवातीलाच ठरवायचा, हेही तिनं सांगितलं. तोंड उघडं ठेवून दात कोरडा पडला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो. वाळत घातलेल्या सुताचा रंग ओल्या सुतापेक्षा निराळा दिसतो, ते वडिलांकडून ऐकलेलंच होतं.

पुढचं मी खुर्चीत पाठीवर पडून, रबराच्या पडद्यातून डोकावणाऱ्या दातांनिशी अनुभवलं. तो पडदा लाळ अडवायला. ओल लागली की चिकटवण्याचं सगळं काम वाया. शेजारच्या दाताला तिनं पांढरी टेप गुंडाळली. मी नळवाल्याच्या हातात पाहिली होती तीच टेप. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात ती टेप निदान कशाच्या तरी कामी येते हे बघून बरं वाटलं.

मग निळी जेल आली. फॉस्फरिक आम्ल, 37 टक्के. अर्धा मिनिट ठेवून धुतली की दाताचा चकचकीत पृष्ठभाग खडूसारखा मळकट पांढरा होतो. हे का करतात, ते मला फार सोप्या रीतीनं कळलं. आमच्या लहानपणी गल्लीत "जात्याला टाकीऽऽ" ओरडत बाई यायची. वापरून वापरून जातं गुळगुळीत झालं की दाणे नुसते घसरतात, पीठ पडत नाही. मग छिन्नी-हातोडीनं दगडावर बारीक बारीक खाचा मारायच्या. दाताला आम्ल लावणं म्हणजे टाकी लावणंच. डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा पडतात, त्यात पातळ द्रव उतरतो, आत गोठतो आणि त्याच्या मुळ्या धरून बसतात. चिकटतं ते या मुळ्यांमुळे.

ही युक्ती अमेरिकेत रोचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी 1955 साली मांडली. लोखंडी पत्र्याला रंग धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फरिक आम्ल लावतात, हे त्यांना माहीत होतं. मग दाताला का नको, असा त्यांचा प्रश्न. दातावर लावायचा लगदा त्यांच्यानंतर आला. रे बोवेन यांनी तयार केलेल्या राळेचं पेटंट 1962 चं. त्या राळेत काचेची, वाळूच्या जातीची अतिशय बारीक पूड मिसळलेली असते. मला यातला रंगाचा कारखाना आवडला. दाताचा शोध कारखान्यातल्या पत्र्यावरून लागतो, म्हणजे तो सोलापुरातही लागू शकला असता, असं मी उगीचच ठरवून टाकलं.

लगदा थरांनी चढतो. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, कारण उजेड त्यापलीकडे नीट पोचत नाही, आणि कडक होताना तो थोडा आकसतो. जाड थर एकदम आकसला तर कडेनं ताण बसतो. आधी मागची भिंत, मग आतला थोडा अपारदर्शक थर, वर काचेसारखा नितळ. दाताची खालची कड खरं तर जराशी निळसर, आरपार दिसणारी असते, हे मला छत्तीस वर्षं आरशात दात बघूनही माहीत नव्हतं. बघत होते फक्त तुटलेलं.

प्रत्येक थरावर निळा दिवा. ती नारिंगी काच धरून बसलेली, मी नारिंगी चष्म्यात. वीस सेकंद, पिप् पिप्, पुन्हा लगदा. हा उजेड लगद्याला कडक कसा करतो, ते मी नंतर वाचून काढलं. त्यात कॅम्फरक्विनोन नावाचं पिवळं द्रव्य असतं. निळा उजेड पडला की ते जागं होतं आणि राळेचे सुटे रेणू एकमेकांना बांधायला सुरुवात करतात. आणि कॅम्फरक्विनोन बनतं कापरापासून. आरतीला तबकात जळतो त्याच कापरापासून. आईला हे सांगितलं तेव्हा तिला त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा रस वाटला. "म्हंजी वास येतो काय गं तोंडाला?"

वास येत नाही.

अर्धा वेळ पॉलिशला गेला. खरखरीत चकत्यांपासून गुळगुळीत चकत्यांपर्यंत, मग रबराचा पेला, मग फेल्टची चकती. हे फक्त दिसण्यासाठी नसतं. खरबरीत राहिलं की तिथं किटण धरतं आणि चहाचा रंग मुरतो. दीड तासानं आरसा हातात आला. मला त्यात दुसऱ्याच बाईचा दात दिसला. मोठा, रुंद, उर्मट. जीभ सारखी तिथं जाऊन भिंत चाचपायची. जिन्यात उतरताना मी स्वतःशीच "सोलापूर" म्हणून बघितलं. शीळ नव्हती. मग पुन्हा म्हटलं. खालच्या पानवाल्यानं मान वर करून बघितलं.

*

डॉक्टरनं एक कागद दिला होता. पहिले 48 तास चहा नाही, कॉफी नाही, हळद नाही, कोणताही रंगीत पदार्थ नाही. राळ पुरती मुरायला वेळ लागतो आणि त्या काळात ती रंग पटकन ओढते. समोरच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही. नखं चावायची नाहीत. दातांनी पाकिटं फोडायची नाहीत. बर्फ फोडायचा नाही. मऊ ब्रश. कोळशाची पेस्ट, राखुंडी, मशेरी बंद. ही सगळी खरखरीत, पॉलिश उडवतात. रात्री दात खात असाल तर सांगा, रबरी पट्टी करून देऊ. अल्कोहोलवाला माउथवॉश नको. वर्षातून एकदा पॉलिशला या.

कागद चांगला होता. फक्त तो सोलापुरात राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेला नव्हता.

कडक टाळा म्हणजे काय? आमच्याकडे कडक हे विशेषण भाकरीला आदरानं लावतात. ज्वारीची, कागदासारखी पातळ थापलेली, तव्यावरून उतरवून वाळवून कडकडीत केलेली भाकरी. महिनाभर टिकते. कुटून, आमटीत कुस्करून, नाहीतर नुसती शेंगाच्या चटणीबरोबर मोडून खायची. तिचा आवाज झाला नाही तर ती भाकरी नाही. मी डॉक्टरला फोन केला. ती स्वतः याच गावची, हसली. "काकू, मीही खाते. हातानं मोडा, दाढेनं चावा. समोरचे दात फक्त बघायला आहेत असं समजा." मग पेरू फोडी करून, ऊस पेरं सोलून, मक्याचं कणीस दाणे सोडवून. दाणे सोडवून कणीस खाणं यात मजा नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

आणि हळद! दोन दिवस बिनहळदीचं वरण. नवऱ्यानं पहिल्या रात्री ताट बघून विचारलं, "कुणी आजारी आहे का?" हळदीतला तो पिवळा रंग कॉम्पोझिटचा पक्का वैरी. गंमत अशी की हाच रंग उन्हाला फार भितो. साडीवर हळदीचा डाग पडला की धुऊन उन्हात टाकायची, संध्याकाळपर्यंत डाग उडतो, हे बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, पण दात दोरीवर वाळत घालता येत नाहीत. मी साधी युक्ती काढली: हळदीचं जेवण झालं की लगेच चूळ, चहा प्यायला की चूळ. पोस्टात आमच्या टेबलाखाली पाण्याची बाटली ठेवते. लोकांना वाटतं मधुमेह आहे.

चहा मात्र मी तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता प्यायले. 48 तास अजून पुरे व्हायचे होते. ती कबुलीही दिली डॉक्टरला, एका वर्षानं, पॉलिशच्या वेळी.

पंधरा दिवसांत दात माझा झाला. जीभ त्याला विसरली. पण हात विसरला नाही. भाचीच्या बारशाला मोबाइलवर घेतलेला फोटो घरच्यांनी ग्रुपवर टाकला. त्यात सगळे हसतायत, आणि माझा उजवा हात तोंडावर. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. छत्तीस वर्षांनंतर झाकायला काही उरलेलं नव्हतं, तरी हात आपल्या वेळेला हजर. खरं सांगायचं तर मला राग आला. इतके पैसे, इतकी चूळ, इतकी बिनहळदीची वरणं, आणि हात आहे तिथंच. आणि मग मला त्याच फोटोत, माझ्या मागं खुर्चीवर बसलेली आई दिसली. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

*

गिरणी बंद पडली तेव्हा वडील घरी बसले आणि आई मशीनवर बसली. टॉवेलच्या कडा शिवायचं काम. डझनावर पैसे. कारखान्यातून गठ्ठा सायकलवर यायचा, परवा तयार पाहिजे. कडेची शिलाई संपली की दोरा तोडायचा. कात्री होती, पण कात्री शोधायची, उचलायची, ठेवायची, यात वेळ जातो आणि डझनावरचं काम म्हणजे वेळच. आई मान खाली घालायची आणि दातानं दोरा तोडायची. कट्. पायाचा खडखडाट, मग कट्. पुन्हा खडखडाट. आम्ही तिघी त्या आवाजावर अभ्यास केला. कट् थांबला की आम्हाला कळायचं, चहाची वेळ झाली.

पंधरा-सतरा वर्षं ती दोरा तोडत राहिली. तिच्या वरच्या समोरच्या दाताला एक खाच आहे. बारीक, गोलसर, बरोबर दोऱ्याच्या जाडीची. मला ती कधी दिसलीच नव्हती, कारण आई हसताना पदर धरते. लहानपणी मला वाटायचं, बायका हसतात त्या अशाच. पदर नाहीतर हात. माझा दात तुटायच्या आधीचाही एक फोटो आहे, बहिणीच्या वाढदिवसाचा, मी सात-आठ वर्षांची. त्यात माझ्या तोंडावर हात आहे. तेव्हा कुठलाच दात तुटलेला नव्हता.

एक दिवस मी आईला आ करायला लावलं आणि तिच्याच डब्यातला पांढरा दोरा त्या खाचेत बसवून बघितला. जागेवर बसला. ती म्हणाली, "काय करालीस गं हे?" आणि दोरा ओढून घेतला.

*

आठ महिन्यांनी माझा कपचा उडाला.

चादरीनं. नवीन सोलापुरी चादर आणली होती, पुण्याच्या भाचीला द्यायला. कोपऱ्याला लेबल शिवलेलं. भेट द्यायच्या चादरीवर किमतीचं लेबल नको म्हणून मी ते उसवत बसले. शेवटचा एक टाका निघेना. कात्री आतल्या खोलीत होती. मी मान खाली घातली. कट्.

आवाज दोन आले, एक दोऱ्याचा आणि एक त्याच्या पाठोपाठ, बारीक. जिभेला कोपरा टोचला. मी तोंडावर हात धरून बसले आणि बऱ्याच दिवसांनी तो हात योग्य कारणासाठी तिथं होता. समोर आई शेंगा सोलत होती. तिनं सगळं बघितलं.

"मी तोडते म्हणून तू बी तोडालीस काय?" ती म्हणाली. "तुझा इकतचा दात हाय की."

इकतचा, म्हणजे विकतचा. तिच्या बोलण्यात उपहास नव्हता. विकतची वस्तू जपून वापरावी, इतकंच.

या खेपेला तिला बरोबर नेलं. डॉक्टरनं बघितलं, म्हणाली, तांदळाएवढं गेलंय, सगळं काढायची गरज नाही. जुन्या कॉम्पोझिटचा तेवढा भाग खरवडला, पुन्हा टाकी, पुन्हा द्रव, वर नवा थर, निळा उजेड. वीस मिनिटं. सांधा कुठं आहे ते मला शोधूनही सापडला नाही. मागाच्या बिमावरचं, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळावरचं, सूत संपत आलं की नव्या बिमाचे हजारो धागे जुन्याच्या टोकांना एक एक करून सांधतात. त्यानंतर विणलेल्या चादरीत तो सांधा कुठं गेला, हे विणणाऱ्यालाही सांगता येत नाही. डॉक्टरचे आजोबा तेच काम करायचे, हे या वेळी कळलं.

"दोरा तोडलात ना?" तिनं हातमोजे काढता काढता विचारलं. मी मान हलवली. "कागदावर लिहायचं राहिलं माझ्याकडून. नखं लिहिलं, पाकिटं लिहिलं. सोलापुरात बसून दोरा विसरले." मग तिचं लक्ष आईकडे गेलं. आई जांभई देत होती, पदर खाली. डॉक्टर जरा वाकली. "आजी, जरा आ करा." बॅटरीचा उजेड तिनं त्या खाचेवर धरला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. शिंप्यांच्या दातांना अशी खाच पडते, असं तिला पुस्तकात शिकवलं होतं. घरात तर ती तिनं पुस्तकाआधीच बघितलेली असणार.

"आजी, हे भरून देऊ? दहा मिनिटांचं काम. दुखणार नाही. पैसे नकोत."

आईनं पदर तोंडाशी नेला, मग काय वाटलं कोण जाणे, खाली घेतला. "भरल्यावर मग दोरा न्हाई तोडायचा?"

"न्हाई तोडायचा."

"मग ऱ्हाऊ दे."

"आजी, आता कुठं शिवताय तुम्ही?"

"शिवते की. उशीचे खोळ कोण शिवतंय मग?"

परतताना रिक्षात ती गप्प होती. पार्क चौकाच्या सिग्नलला म्हणाली, "लई चांगली पोरगी हाय." घरी आल्यावर तिनं मशीनचा डबा उघडला, आतली छोटी कात्री काढली, तिच्या कडीला नाडी ओवली आणि ती नाडी मशीनच्या खिट्टीला बांधली. दोनदा ओढून बघितली, गाठ पक्की आहे का ते.

"ही तुला," म्हणाली.

मग उशीची अर्धी राहिलेली खोळ मशीनखाली सरकवली, कड शिवली, मान खाली घातली. कात्री तिच्या कानाशी लोंबत होती.

कट्.